वस्त्र, हौस आणि हिशेब

सर्व प्रशंसा त्या अल्लाहसाठी आहे, ज्याने आदमच्या संततीला लज्जारक्षणासाठी आणि शोभेसाठी वस्त्र प्रदान केले. दरूद व सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर, जे आपले वस्त्र स्वतःच्या हाताने शिवीत आणि त्यात कसलाही कमीपणा मानीत नसत.

बंधू आणि भगिनींनो, कपड्यांच्या खरेदीचा विषय निघाला की ऐकणारे बहुधा मनातल्या मनात म्हणतात, यात हराम ते काय? प्रश्न रास्त आहे. मद्य, जुगार आणि व्याज यांच्या पंक्तीत कोणी कुर्ता किंवा दुपट्टा बसवीत नाही. परंतु खरी अडचण इथेच आहे. हराम गोष्टीच्या दारात श्रद्धावंताचे पाऊल अडखळते. हलाल गोष्टीच्या दारात त्याला अडविणारे कोणी नसते, आणि मग ती गोष्ट किती झाली हे मोजायचे राहून जाते. दिव्य कुरआनात सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत इस्राफची, म्हणजे मर्यादा ओलांडण्याची, जी मनाई आली आहे, ती चांगला पोशाख आणि खाणेपिणे यांच्या उल्लेखाला लागूनच आली आहे. ज्या गोष्टींना परवानगी आहे, त्यांच्याच शेजारी हे कुंपण घातले गेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मळके, फाटके कपडे घालणे म्हणजे धर्मपरायणता, असे इस्लाम शिकवीत नाही. त्याच सूरहच्या पुढच्या आयतीत विचारले आहे की, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम ठरविणारा कोण? अबू दाऊद आणि नसई यांच्या हदीससंग्रहांत एका सहाबींची हकीकत आहे. ते अत्यंत साध्या, जुनाट वेषात प्रेषितांच्या (स.) सेवेत आले. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले, तुमच्याजवळ धन आहे काय? त्यांनी उंट, शेळ्यामेंढ्या, घोडे सर्व काही असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) फर्मावले की, अल्लाहने दिले आहे तर त्याच्या कृपेची खूण तुमच्या अंगावर दिसली पाहिजे. आणखी एका प्रसंगी एका व्यक्तीने विचारले की, आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे माणसाला वाटणे हा अहंकार होय काय? उत्तर मिळाले की, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा ईदला नवे कपडे घेणाऱ्या मुलीला इस्राफचा धाक घालणाऱ्यांनी आधी या हदीसी वाचाव्यात.

मग मर्यादा कोणती? सूरह फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे लक्षण असे सांगितले आहे की, ते खर्च करताना उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजूषीही करीत नाहीत. त्यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये असतो. वर्षाला किती जोड, किती रुपये, असा आकडा शरीअतने दिलेला नाही. देणे शक्यही नव्हते. आखाती देशातून येणाऱ्या पैशांवर चालणारे रत्नागिरीकडचे घर आणि मालेगावात यंत्रमागाच्या आठवड्याच्या मजुरीवर चालणारे घर, यांचे मध्य एकाच ठिकाणी असणार नाही.

आकडा नाही, परंतु मापदंड आहे. आणि तो इतका नेमका आहे की एकदा समजला म्हणजे कपाट उघडताना आठवल्यावाचून राहत नाही. सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) सूरह तकासुर, म्हणजे अधिकाच्या हव्यासाविषयीची सूरह, पठण करीत होते. त्यानंतर त्यांनी सांगितले की, मनुष्य ‘माझे धन, माझे धन’ म्हणत राहतो; परंतु त्याचे खरोखर त्याचे असे धन तीनच प्रकारचे असते. जे त्याने खाऊन संपविले, जे त्याने नेसून झिजविले, आणि जे दान करून पुढे पाठविले.

यातील दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष द्या. ‘जे विकत घेतले’ असे म्हटलेले नाही. ‘जे कपाटात ठेवले’ असेही नाही. ‘जे एकदा नेसले’ एवढ्यावरही थांबलेले नाही. नेसून झिजविले, असे म्हटले आहे. वस्त्र आपले केव्हा होते, तर त्याचे सूत विरते तेव्हा. पावती आपल्या नावाची असेल, रक्कम आपल्या खात्यातून गेली असेल, तरी लेबलासहित टांगून ठेवलेला पोशाख या तीन प्रकारांपैकी कशातच बसत नाही. तो खाल्ला नाही, झिजविला नाही, दिलाही नाही. त्याचा हिशेब मात्र आपल्याच नावावर राहिला.

याच अर्थाला दुजोरा देणारी आणखी एक गोड हकीकत सहीह बुखारीत आहे. प्रेषितांकडे (स.) काही कपडे आले, त्यांत एक लहानशी काळी नक्षीदार चादर होती. ही कोणाला द्यावी, असे त्यांनी विचारले. लोक शांत राहिले. तेव्हा त्यांनी उम्मे खालिद नावाच्या लहान मुलीला बोलावून आणविले. तिचा जन्म हबशामध्ये, स्थलांतराच्या काळात झालेला होता. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने तिला ती चादर पांघरली, तिच्याशी हबशी भाषेतील शब्दात ‘छान’ असे कौतुकाने बोलले, आणि आशीर्वाद दिला की, ही वापर, जुनी कर, झिजव. नवे वस्त्र लाभलेल्या बालिकेला दिलेली दुआ ही आहे! आणखी पुष्कळ मिळोत, असे म्हटले नाही. हे एक वस्त्र फाटेपर्यंत वापरण्याइतके तुला आयुष्य लाभो, असा तिचा भाव आहे. आपल्या घरांत नवा फ्रॉक घातलेल्या मुलीला आपण काय म्हणतो? ‘जपून वापर, दोन लग्ने आहेत.’ आणि ती दोन लग्ने उरकतात, तोवर फ्रॉक आखूड होतो.

आता घरातील कपाटाकडे वळू. हा मजकूर वाचून झाल्यावर कपाट उघडावे आणि तीन ढीग करावेत. पहिला, नेहमी वापरात असलेल्या कपड्यांचा. दुसरा, एक-दोनदा घातलेल्यांचा. तिसरा, एकदाही न घातलेल्यांचा. मध्यमवर्गीय घरांत पहिला ढीग बहुधा सर्वांत लहान निघतो. माणूस तेच आठ-दहा जोड आलटून पालटून घालतो आणि उरलेल्यांना हवा दाखवितो.

मग ही खरेदी होते तरी का? गरज असती तर वापर झाला असता. सवय जडलेल्या व्यक्तीला वस्त्राचा आनंद मिळतो तो ते निवडताना, त्याची वाट पाहताना आणि पिशवी उघडताना. पिशवी उघडली की तो संपतो, म्हणून पुढची मागणी नोंदविली जाते. आदमच्या पुत्राला धनाच्या दोन दऱ्या लाभल्या तरी तो तिसरीची इच्छा करील, ही बुखारी व मुस्लिममधील हदीस आपण नेहमी श्रीमंतांना लागू करतो. ती चारशे रुपयांच्या कुर्तीलाही तितकीच लागू आहे. पूर्वी त्या दरीपर्यंत चालत जावे लागे. आता ती उशाशी असते. सहीह मुस्लिमच्या एका हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय स्थाने मस्जिदी आणि सर्वांत अप्रिय स्थाने बाजार आहेत. इशाची नमाज अदा करून अंथरुणावर पडल्यापडल्या जो बाजार मोबाईलच्या पडद्यावर उघडतो, तोही बाजारच आहे, आणि त्याला बंद होण्याची वेळ नाही. तिथे दिसणारी प्रत्येक व्यक्ती आपल्यापेक्षा अधिक नटलेली असते. प्रेषितांनी (स.) ऐहिक बाबतीत आपल्याहून वरच्यांकडे नव्हे तर खालच्यांकडे पाहण्यास शिकविले, जेणेकरून लाभलेली देणगी तुच्छ वाटू नये. मोबाईलचा पडदा नेमके याच्या उलट पाहायला लावतो.

‘पण स्वस्तात मिळाले’ असे समर्थन दिले जाते. जे लागत नव्हते ते अर्ध्या किमतीत घेतले, तर अर्धी रक्कम वाचली नाही. अर्धी रक्कम गेली. शिवाय ही स्वस्ताई कोणाच्या तरी अंगावरून आलेली असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तीत परदेशी दुकानांसाठी तयार कपडे शिवणारे कारखाने होते. अकराशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, त्यांत पुष्कळशा तरुण स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही दुसऱ्या दिवशी कामगारांना कामावर बोलावले गेले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या ज्या वाचकांच्या घरात मागाचा खडखडाट ऐकत मुले मोठी झाली आहेत, त्यांना कापडामागचे कष्ट सांगायला नकोत.

सवय जडली आहे की नाही, हे ओळखण्याची एक खूण मोठी विश्वासार्ह आहे: खरेदी लपविली जाऊ लागते. पार्सल शेजारणीच्या घरी मागविले जाते, किंमत विचारली तर निम्मी सांगितली जाते, नवा कपडा ‘जुनाच आहे’ म्हणून घातला जातो. आणि जिथे पगार पुरत नाही, तिथे उधारी येते. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कोणी विचारले, आपण इतक्या वारंवार कर्जापासून का आश्रय मागता? त्यांनी उत्तर दिले की, मनुष्य कर्जात अडकला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन दिले तर ते मोडतो. बुखारीतील ही हदीस वाचताना वाटते, जणू आपल्या घरातील संवादच कोणी ऐकला आहे. यात क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर प्रश्न इस्राफपुरता राहत नाही. महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के किंवा त्याहून अधिक व्याज त्या थकबाकीवर चढते. हलाल कुर्ता घेण्यासाठी माणूस अशा रीतीने व्याजाच्या व्यवहारात पाऊल टाकतो, ज्याविषयी कुरआनची ताकीद सर्वांत कठोर आहे.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग आहे. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन जात होते. हजरत उमर (रजि.) यांनी विचारले, हे काय? जाबिर (रजि.) म्हणाले, मांस खावेसे वाटले म्हणून एका दिरहमचे घेतले. त्यावर उमर (रजि.) म्हणाले की, तुमच्यापैकी कोणाला शेजारी किंवा चुलतभाऊ यांच्यासाठी आपले पोट रिकामे ठेवावेसे का वाटत नाही? आणि त्यांनी त्या आयतीची आठवण करून दिली, जिच्यात चांगल्या गोष्टींचा उपभोग जगातच उरकून टाकणाऱ्यांना परलोकात ते सुनावले जाईल असे म्हटले आहे. मांस हलाल होते, पैसे स्वतःचे होते, रक्कम एक दिरहम होती. तरीही ‘वाटले म्हणून घेतले’ हे कारण हजरत उमर (रजि.) यांना पुरेसे वाटले नाही. वाटणे आणि घेणे यांच्या मध्ये त्यांनी शेजारी उभा केला.

आता लग्नांकडे येऊ, कारण आपल्या समाजात कपड्यांवरचा सर्वांत मोठा खर्च तिथे होतो. एके दिवशी उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांच्या अंगावर पाच दिरहम किमतीचा एक जाडाभरडा झगा होता. भेटीस आलेल्या व्यक्तीला त्यांनी सांगितले की, माझी ही दासी घरातसुद्धा असा झगा घालायला तयार नाही, परंतु प्रेषितांच्या (स.) काळात माझ्याजवळ असाच एक झगा होता, आणि मदीनेत ज्या स्त्रीला नटवायचे असे ती तो माझ्याकडून मागवून घेई. बुखारीत ही रिवायत आहे आणि इमाम बुखारी यांनी तिला मथळाच नवरीसाठी वस्त्र उसने घेण्याचा दिला आहे. मदीनेतील नववधू एकच झगा आळीपाळीने नेसत होत्या! त्याने कोणाची प्रतिष्ठा उणावली नाही. आज शरारा किंवा घागरा वीस-पंचवीस हजारांना घेतला जातो, निकाहच्या दिवशी चार तास अंगावर राहतो, आणि मग नॅप्थलीनच्या गोळ्यांसहित पेटीत जातो. तो झिजत नाही, कारण तो झिजण्याइतका नेसताच येत नाही. दोन बहिणींनी, दोन जावांनी, मोहल्ल्यातल्या चार घरांनी एक चांगला पोशाख वाटून वापरला तर काय बिघडते? ‘लोक ओळखतील’ ही भीती असते. ओळखू द्या. मदीनेतही ओळखतच असतील.

थोडा हिशेब मांडू. एखाद्या घरात महिन्याला तीस हजार रुपये येतात आणि आठवड्याला सातशे रुपयांचा एकच कपडा घेतला जातो. फारसे काही वाटत नाही. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर ही रक्कम ३६,४०० रुपये होते, म्हणजे एक संपूर्ण पगार आणि वर ६,४०० रुपये. पाच वर्षांत १,८२,००० रुपये. हीच रक्कम साठली असती तर मुलीच्या शिक्षणाला आधार झाला असता, उमराहचा विचार करता आला असता. आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. निसाबच्या वरील बचतीवर वर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के जकात निघते. एक लाखावर अडीच हजार रुपये गरजूंच्या हाती जातात. अंगावर वापरण्याच्या कपड्यांवर मात्र जकात नाही. म्हणजे जो पैसा कपाटात जाऊन बसला, त्यातून त्या गरीब विधवेचा वाटाही गेला. कायद्याने आपल्याला कोणी धरणार नाही. पण कुरआनात, सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या आयतीत, नातेवाईक, गरजू आणि प्रवासी यांचा हक्क देण्याची आज्ञा आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आली आहे; पुढच्याच आयतीत उधळ्यांना सैतानांचे बंधू म्हटले आहे.

रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींविषयी फार लिहीत नाही. ज्या रात्री हजार महिन्यांहून श्रेष्ठ अशा लैलतुल कद्रचा शोध घ्यायचा, त्याच रात्री मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. ईदची खरेदी शाबानमध्ये उरकता येते. गर्दीही नसते, आणि शिंप्याचीही घाई होत नाही.

पुरुषांना एक वेगळी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हा लेख पत्नीसमोर वाचून दाखविण्यासाठी लिहिलेला नाही. निरोपाच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) स्त्रियांचे अन्न आणि वस्त्र रीतीप्रमाणे पुरविणे हा त्यांचा पतीवरील हक्क ठरविला आहे. तो पुरविताना कुरकुर करणारा आणि स्वतःसाठी मात्र सहा महिन्यांनी बूट, वर्षाने मोबाईल, दोन वर्षांनी मोटारसायकल बदलणारा गृहस्थ इस्राफवर बोलण्याचा अधिकारी नव्हे. पतीने महिन्याच्या सुरुवातीला कपड्यांसाठी ठराविक रक्कम पत्नीच्या हाती स्वखुशीने द्यावी आणि तिचा हिशेब विचारू नये. मुक्तपणे खर्च करता येणारी पण ठरलेली रक्कम हाती असली की लपवाछपवीचे कारणच उरत नाही.

सवय एका रात्रीत जात नाही. मोबाईलमधील खरेदीची ॲपे काढून टाकावीत. पुन्हा घालायला दोन मिनिटे लागतात, पण तेवढी दोन मिनिटेही पुष्कळदा पुरतात. कार्डाची माहिती दुकानाच्या खात्यात साठवून ठेवू नये. काही आवडले तर वहीत लिहून सात दिवस थांबावे. सात दिवसांनी वही उघडली म्हणजे निम्म्या नोंदी का केल्या होत्या हेच आठवत नाही. उदासी, एकटेपणा किंवा भांडण झाल्यावर हात मोबाईलकडे जात असेल तर वजू करून दोन रकात नमाज अदा करावी. मन हलके करण्यासाठी बाजार हा फार महागडा उपाय आहे. आणि सर्वांत परिणामकारक असे एक बंधन स्वतःवर घालून घ्यावे: नवा कपडा कपाटात जाण्यापूर्वी एक चांगला कपडा कपाटातून बाहेर पडला पाहिजे.

बाहेर पडणारा कपडा कसा असावा, याविषयीही शिकवण आहे. सूरह बकरहच्या २६७ व्या आयतीत अशी निकृष्ट वस्तू दान म्हणून देण्यास मनाई केली आहे, जी आपल्याला कोणी दिली तर आपण डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही. बटणे तुटलेले सदरे आणि रंग उडालेल्या सलवारी गाठोडे बांधून कामवाल्या बाईच्या हाती देणे म्हणजे दान नव्हे. तो घरातील कचरा दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकणे झाले. तिसऱ्या ढिगातील, म्हणजे एकदाही न घातलेले कपडे आधी निवडावेत. ते धुवावेत, इस्त्री करावी, निघालेली शिवण घालून घ्यावी. आणि ईदच्या आदल्या रात्री नव्हे, तर शाबानमध्येच ते पोहोचवावेत, म्हणजे ज्या आईला ते द्यायचे आहेत तिला मुलीच्या मापाने बाह्या आखूड करून घ्यायला सवड मिळेल.